रोझेंडेलच्या भट्ट्या : चुना आणि सिमेंट यांच्या मधला विसरलेला दुवा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी इतिहासाशी निगडित १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. किल्ल्यांच्या डागडुजीचा विषय निघाला की एक साधा आणि रास्त प्रश्न हमखास विचारला जातो : ढासळलेला बुरूज बांधताना सिमेंट का वापरू देत नाहीत? धरणे, उड्डाणपूल आणि तीस मजली इमारती ज्याच्या भरवशावर उभ्या आहेत, ते सिमेंट बुरुजाच्या एका भिंतीला कमी कसे पडेल?

‘पूर्वी चुना होता म्हणून आजही चुना’ एवढ्या उत्तराने कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. खरे उत्तर समजण्यासाठी चुना आणि सिमेंट हे एकमेकांचे कोण लागतात, हे पाहावे लागते. ते सर्वांत स्पष्ट दिसते अशा एका जागेची ओळख या लेखात करून द्यायची आहे. ती जागा आपल्याकडची नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, अल्स्टर काउंटीत, रोझेंडेल नावाचे गाव आहे. तेथील डोंगर आतून कोरलेले आहेत, ओढ्याकाठच्या उतारावर विटांचे अस्तर असलेल्या जुन्या भट्ट्या आहेत आणि त्यांच्यासमोर कोरड्या पडलेल्या कालव्याची खाच आहे. ज्याला आज आपण सिमेंट म्हणतो त्याच्या आधी जे सिमेंट होते, ते येथे तयार होत असे.

चुना, माती आणि आग

सुरुवात चुन्यापासून करू. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. या चुन्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो, फुलतो आणि त्याची मऊ फकी होते. ती वाळूबरोबर घाण्यात मळली की गवंड्याचा माल तयार होतो. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. ही परतफेड मंद असते. जाड भिंतीच्या गाभ्यात तिला अनेक वर्षे लागतात आणि पाण्याखाली, जिथे हवाच पोहोचत नाही, तिथे ती जवळजवळ होत नाही. नुसत्या शुद्ध चुन्यात बांधलेला हौद किंवा पुलाचा पाया म्हणूनच टिकत नाही.

आपल्याकडच्या कारागिरांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे सुर्खी, अर्थात भाजलेल्या विटांची भुकटी. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि त्या संयोगासाठी हवेची गरज नसते, पाणी पुरते. असा माल पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे : चुना हवा आणि सोबत भाजलेली माती हवी.

आता असा दगड कल्पना करा की ज्यात चुना आणि माती निसर्गानेच एकत्र करून ठेवले आहेत. फार पूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचत असताना त्यात चिकणमातीही मिसळत गेली आणि त्या मिश्रणाचा दगड झाला. तो भट्टीत टाकला की चुना आणि माती शेजारी शेजारी, कणाला कण लागून भाजली जातात आणि त्यांचा संयोग भट्टीतच घडतो. इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात एडिस्टनचे दीपगृह बांधताना जॉन स्मीटन या अभियंत्याच्या लक्षात आले की मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना समुद्राच्या पाण्यातही घट्ट होतो. १७९६ मध्ये जेम्स पार्कर यांनी अशाच मातकट चुन्याच्या गोट्यांपासून केलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले. दगडातील मातीचे प्रमाण पुरेसे असेल तर भाजलेला गोटा पाणी टाकूनही फुलत नाही, तसाच कडक राहतो. त्याला जात्यात दळावे लागते. पाण्याने फुलतो तो चुना आणि दळावा लागतो तो सिमेंट, अशी सोपी खूण लक्षात ठेवता येईल. एकाच दगडापासून, वरून काही न मिसळता, केलेल्या या सिमेंटला नैसर्गिक सिमेंट म्हणतात.

घरातील भाजणीचे उदाहरण येथे चपखल बसते. थालिपिठाच्या भाजणीसाठी आपण प्रत्येक धान्य आणि डाळ मापून घेतो, भाजतो आणि दळतो. समजा, एखाद्या शेतात ही सगळी धान्ये नेमक्या प्रमाणात मिसळूनच उगवली, तर ती नुसती भाजून दळली की भाजणी तयार. नैसर्गिक सिमेंट म्हणजे अशा शेतातली भाजणी. आपण आज वापरतो ते पोर्टलंड सिमेंट म्हणजे प्रत्येक जिन्नस वेगळा मोजून, बारीक करून, मिसळून आणि कितीतरी प्रखर आगीवर भाजून केलेली भाजणी. पहिल्या प्रकारात शेत जसे असेल तशी चव, दुसऱ्या प्रकारात चव आपल्या हातात. पुढचा सारा इतिहास या फरकातून घडलेला आहे.

कालवा खोदताना सापडलेला दगड

अमेरिकेला अशा सिमेंटची गरज पडली ती कालव्यांमुळे. ईरी कालव्याचे काम चालू असताना १८१८ मध्ये कॅनव्हास व्हाइट या अभियंत्याला न्यूयॉर्क राज्यातच योग्य दगड मिळाला आणि इंग्लंडहून महाग सिमेंट आणण्याची गरज उरली नाही. त्यानंतर १८२५ मध्ये डेलावेअर-हडसन कालव्याचे खोदकाम सुरू झाले. पेनसिल्वेनियातील खाणींचा अँथ्रासाइट हा कडक कोळसा हडसन नदीपर्यंत आणि तिथून न्यूयॉर्क शहरात नेणे हा त्याचा उद्देश. १०८ मैलांचा, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटरचा हा कालवा १८२८ मध्ये वाहू लागला. त्याचे खोदकाम रोझेंडेलच्या परिसरातून जात असताना मजुरांच्या पहारीखाली एक करड्या रंगाचा, मातकट दगड आला. जवळच्या हाय फॉल्स गावातील लोहाराच्या भट्टीत तो भाजला, हातोडीने कुटला, पाण्यात कालवला आणि तो घट्ट झाला, असे या शोधाविषयी सांगितले जाते. कालव्याच्या दरवाजांचे बांधकाम करण्यासाठी लागणारे सिमेंट कालव्याच्या वाटेतच मिळाले.

या योगायोगाचे महत्त्व थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सिमेंट करण्यासाठी तीन गोष्टी लागतात : दगड, जळण आणि माल बाहेर नेण्याची वाट. रोझेंडेलला दगड डोंगरात होता, जळण कालव्यातून कोळशाच्या रूपाने दारात येत होते आणि तयार झालेली पिंपे त्याच कालव्यातून हडसन नदीकडे, म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या बांधकामाच्या बाजारपेठेकडे, जात होती. चांगला दगड इतरत्रही होता, पण हे तिन्ही एका ठिकाणी फारसे जुळले नाही. १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नैसर्गिक सिमेंटपैकी सुमारे निम्मे या एका खोऱ्यातून येत होते आणि ‘रोझेंडेल’ हे गावाचे नाव त्या प्रकारच्या सिमेंटचेच नाव होऊन बसले.

न्यूयॉर्कला पिण्याचे पाणी आणणारा क्रोटन जलमार्ग १८४२ मध्ये पुरा झाला, तो या सिमेंटमध्ये बांधलेला होता. त्याचे प्रमुख अभियंते जॉन जर्व्हिस हे आधी डेलावेअर-हडसन कालव्याचे प्रमुख अभियंते होते, त्यामुळे हा दगड त्यांच्या परिचयाचा होता. पुढे जॉन रोबलिंग यांनी या कालव्यासाठी तारांवर टांगलेले जलसेतू बांधले. त्यांपैकी एक हाय फॉल्सला होता आणि त्याचे दगडी आधार आजही उभे आहेत. याच रोबलिंगांनी ब्रुकलिनच्या झुलत्या पुलाचा आराखडा केला. १८६९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मुलगा वॉशिंग्टन आणि सून एमिली यांनी काम तडीस नेले आणि २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. त्या पुलाचे दगडी मनोरे रोझेंडेलच्या सिमेंटमध्ये बांधलेले आहेत. न्यूयॉर्कला गेलेले आपले आप्तेष्ट त्या मनोऱ्यांपुढे छायाचित्र काढून घेतात, तेव्हा त्या दगडांच्या सांध्यांत भरलेला माल या खोऱ्यातला असतो.

भट्टी कशी चालत असे

येथील भट्ट्या मुद्दाम डोंगराच्या उतारात बसवलेल्या आहेत आणि ही रचना समजली की अवशेष आपोआप वाचता येऊ लागतात. खाणीतून निघालेला दगड फोडून, गाड्यांत भरून भट्टीच्या तोंडाशी वरच्या बाजूने आणला जाई. उंच, विहिरीसारख्या भट्टीत दगडाचा एक थर आणि कोळशाचा एक थर, असे आलटून पालटून भरत. आग मध्यावर असे. वरचा दगड खाली सरकत तापत जाई, मध्यावर भाजला जाई आणि खाली येईपर्यंत निवे. तळाच्या तोंडातून भाजलेला माल काढला की वरून नवा भरायचा, म्हणजे भट्टी रात्रंदिवस चालू राही आणि एकदा पेटवलेली आग विझवावी लागत नसे. दगड वर चढवण्याचे कष्ट डोंगराच्या उताराने वाचवले होते.

खाली निघालेला प्रत्येक गोटा सारखा नसे. काही कच्चे राहिलेले, काही जास्त भाजून काचेसारखे झालेले. ते हाताने निवडून काढावे लागत आणि ही निवड करणाऱ्याच्या नजरेवर त्या दिवसाच्या सिमेंटची प्रत अवलंबून असे. चांगला माल आधी भरडून आणि मग दगडी जात्यांत दळून, प्रत्येकी ३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३६ किलोच्या लाकडी पिंपांत भरत. पिंपे करणाऱ्या कारागिरांचा त्यामुळे वेगळा धंदाच उभा राहिला. भट्ट्यांभोवती सापडणारे काळपट, चकाकणारे तुकडे म्हणजे निवडून टाकलेला तो जास्त भाजलेला माल आहे. मला या साऱ्या अवशेषांत हे तुकडे सर्वांत बोलके वाटतात, कारण तापमापक हाताशी नसताना आग ओळखून काम करणाऱ्या माणसांची रोजची परीक्षा त्यांच्यात जशीच्या तशी उरली आहे.

डोंगराच्या पोटात

सिमेंटचा दगड येथे दोन थरांत आहे आणि त्यांच्या मध्ये सिमेंटला निरुपयोगी अशा चुनखडीचा एक थर आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी साचलेले हे थर पुढे पृथ्वीच्या हालचालींत दुमडले गेले, म्हणून ते आडवे न राहता तिरके झालेले दिसतात. वरून सगळा डोंगर काढण्यापेक्षा थराच्या मागे आत शिरणे स्वस्त होते. आत गेल्यावर छत पेलण्यासाठी दगडाचे खांब जागेवरच सोडायचे आणि मधला दगड काढत जायचे, अशी पद्धत होती. आपली लेणी पाहिलेल्या माणसाला या खाणीत शिरल्यावर ओळखीचे काहीतरी वाटेल, फक्त येथील खांब सजवलेले नाहीत आणि थर तिरका असेल तिथे खांबही तिरके आहेत.

किती दगड काढायचा आणि किती खांबांत ठेवायचा, हा लोभ आणि सुरक्षितता यांच्यातला हिशोब असतो. जॉपेनबर्ग नावाच्या, गावाला लागून असलेल्या डोंगरात तो चुकला. १९ डिसेंबर १८९९ रोजी आतून पोखरलेला डोंगराचा मोठा भाग खाली बसला. दुपारच्या जेवणाची वेळ असल्याने कामगार बाहेर होते आणि कोणाचा जीव गेला नाही. खोऱ्यावरून जाणाऱ्या १८७२ च्या रेल्वे पुलावर आता गाड्या धावत नाहीत, २०१३ पासून तो पायी चालणाऱ्यांसाठी खुला आहे आणि त्याच्यावरून हा खचलेला डोंगर समोर दिसतो.

मग हे सिमेंट मागे का पडले?

त्याच १८९९ साली अमेरिकेतील नैसर्गिक सिमेंटचे उत्पादन सर्वोच्च होते, वर्षाला जवळजवळ एक कोटी पिंपे. त्यानंतर अवघ्या दहा-बारा वर्षांत हा धंदा जवळपास संपला. कारण पोर्टलंड सिमेंट.

लीड्सचे गवंडी जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये चुनखडी आणि माती वेगवेगळी घेऊन, मिसळून, भाजून केलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले आणि पोर्टलंड बेटावरच्या प्रसिद्ध इमारती दगडाचे नाव त्याला दिले. त्यांचे सिमेंट आजच्यासारखे नव्हते. पुढच्या काही दशकांत भट्टीची आग वाढत गेली आणि खरा फरक तेव्हा पडला. नैसर्गिक सिमेंट साधारण १,००० अंशांच्या आसपास भाजतात. त्या तापमानाला चुना आणि सिलिका यांचे जे संयुग मुख्यतः तयार होते त्याला बेलाइट म्हणतात. ते पाण्याशी सावकाश संयोग पावते आणि महिनोन्महिने बळ वाढवत राहते. तापमान १,४५० अंशांपर्यंत नेले की माल अर्धवट वितळून त्याच्या गोळ्या होतात, त्यांना क्लिंकर म्हणतात, आणि त्यांत एलाइट नावाचे दुसरे संयुग तयार होते. एलाइट चपळ आहे, काही दिवसांतच ते भरपूर बळ देते. उंच इमारतीच्या ठेकेदाराला आजचा मजला घट्ट होण्यासाठी महिनाभर थांबणे परवडत नाही. त्याला एलाइट हवे.

दुसरे कारण भाजणीच्या उदाहरणातच आहे. शेतातून जे येईल ते स्वीकारावे लागत असल्याने एका खाणीचे पिंप दुसऱ्या खाणीच्या पिंपासारखे असेल याची खात्री देता येत नसे. पोर्टलंडमध्ये जिन्नस मोजलेले असतात, आणि चुनखडी व माती जिथे मिळेल तिथे ते करता येते. पेनसिल्वेनियात डेव्हिड सेलर यांनी १८७१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यांच्या कोप्ले येथील कंपनीने १८९२-९३ मध्ये बांधलेल्या नऊ उभ्या भट्ट्या आजही तिथे जपलेल्या आहेत. रोझेंडेलवर मात करणाऱ्या त्या भट्ट्याही १९०४ मध्ये बंद पडल्या, कारण आडव्या फिरत्या भट्टीने त्यांना मागे टाकले. आजच्या सिमेंट कारखान्यातला लांबलचक, सावकाश फिरणारा नळकांडा हा त्या फिरत्या भट्टीचाच वंशज.

डेलावेअर-हडसन कालवा १८९८ मध्ये बंद झाला. त्याचा खालचा टप्पा सिमेंट वाहण्यासाठी आणखी काही वर्षे चालला. १९०२ मध्ये अनेक कारखाने एका कंपनीत विलीन झाले, पण घसरण थांबली नाही. रोझेंडेलच्या स्नायडर घराण्याने मात्र नंतरच्या काळात आपल्या जमिनीवर हा उद्योग पुन्हा उभा केला. पोर्टलंडमध्ये थोडे रोझेंडेल मिसळले तर थंडीत बर्फावर मीठ टाकले जाते अशा रस्त्यांचा पृष्ठभाग कमी सोलवटतो, असे १९३० च्या दशकात दिसून आले आणि न्यूयॉर्क राज्यातील महामार्गांसाठी ते घेतले जाऊ लागले. शेवटचा कारखाना १९७० मध्ये बंद झाला.

कमजोर सिमेंट पुन्हा कोणाला हवे होते?

वाचकाच्या मनात आता शंका येईल की जे सावकाश घट्ट होते आणि ज्याची प्रत बदलती आहे, ते मागे पडले हे योग्यच झाले. नव्या बांधकामासाठी हे खरे आहे. जुन्या बांधकामासाठी मात्र ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

जुनी भिंत ही विटा किंवा दगड आणि त्यांच्या मधला माल यांची एक जोडी असते. उन्हाने, थंडीने, पायाच्या किंचित हालचालीने ती सतत थोडी हलते. सांध्यातला माल दगडापेक्षा मऊ असेल तर ताण सांधा सोसतो आणि दर काही दशकांनी सांधे भरून घेतले की भिंत पुन्हा धडधाकट होते. सांध्यात दगड-विटांपेक्षा कडक माल भरला तर ताण सांध्याऐवजी विटेवर जातो आणि वीट फुटते. सांधा पुन्हा भरता येतो, पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वीट परत आणता येत नाही. पाण्याचेही तसेच आहे. चुन्याचा किंवा नैसर्गिक सिमेंटचा माल थोडा सच्छिद्र असतो आणि भिंतीत शिरलेला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. दाट पोर्टलंडने सांधे बंद केले की ओलावा आत अडकतो, सोबत विरघळलेले क्षार घेऊन दगडाच्या पृष्ठभागाकडे येतो आणि तिथे क्षारांचे स्फटिक वाढून दगडाचे पापुद्रे निघतात. गोव्यात आणि कोकणात जांभ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केलेल्या घरांत ही ओल अनेकांनी पाहिलेली असेल.

अमेरिकेत १९व्या शतकातील किनारी किल्ले, पूल, जलमार्ग आणि सरकारी इमारती यांचा मोठा साठा नैसर्गिक सिमेंटमध्ये बांधलेला आहे. त्यांची दुरुस्ती करण्याची वेळ आली तेव्हा मूळ पदार्थ बाजारातून नाहीसा झालेला होता. साधा चुना वापरावा तर तो मूळ मालापेक्षा मऊ, पोर्टलंड वापरावे तर ते जास्त कडक. शेवटी २००४ मध्ये रोझेंडेलच्या दगडापासून नैसर्गिक सिमेंट पुन्हा तयार होऊ लागले. नैसर्गिक सिमेंटसाठीचा अमेरिकी मानक मागणी नसल्याने १९७९ मध्ये मागे घेतला गेला होता, तो २००६ मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. मागे घेतलेला मानक पुन्हा आणावा लागणे ही नेहमीची गोष्ट नव्हे.

हेच सिमेंट कारखान्यात मिश्रण करून का बनवत नाहीत?

ही शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरात या दगडाचे खरे वैशिष्ट्य आहे. रोझेंडेलचा दगड साधी चुनखडी नसून मातकट डोलोमाइट आहे, म्हणजे त्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियाही, अर्थात मॅग्नेशियम धातूचे ऑक्साइडही, बराच आहे. पोर्टलंडच्या प्रखर आगीत मॅग्नेशिया इतका कडक भाजला जातो की तो पाण्याशी संयोग पावायला वर्षे घेतो. भिंत घट्ट झाल्यावर कधीतरी तो फुगतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून पोर्टलंडमध्ये त्याचे प्रमाण ५-६ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. रोझेंडेलच्या सिमेंटमध्ये ते याच्या दुपटीहून जास्त असूनही भिंती शाबूत आहेत, कारण मंद आगीत भाजलेला मॅग्नेशिया कडक होत नाही आणि त्याचे काम सुरुवातीलाच उरकते. जो दगड आजच्या कारखान्याने नाकारला असता, तोच कमी आगीत उत्तम ठरला. शिवाय त्या दगडात चुना, मॅग्नेशिया आणि माती यांचे कण ज्या सूक्ष्मतेने मिसळलेले आहेत, तशी मिसळ दळणातून साधणे कठीण. खाणीचा ठावठिकाणा आणि थरांची माहिती नाहीशी झाली असती तर हे सिमेंट पुन्हा करता आले नसते.

पडक्या भट्ट्या जपाव्या कशासाठी, याचे उत्तरही यातच येते. स्नायडर घराण्याच्या मालकीचा परिसर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आला आणि एक स्थानिक इतिहास संस्था तो सांभाळते. तिथे खाण, भट्ट्या आणि कालवा हे तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. यांतील एकच वाचवून दोन पाडले असते तर उरलेल्या एकाचा अर्थ लागला नसता. विडो जेन या नावाने ओळखली जाणारी तेथील खाण लोकांना पाहता येते. तिच्या काही भागात स्वच्छ पाणी साठलेले आहे आणि तिच्यातल्या घुमणाऱ्या आवाजासाठी तिथे संगीताचे कार्यक्रम होतात. या भागातील काही बंद खाणींत हिवाळ्यात इंडियाना वटवाघळे झोपी जातात. ही जात अमेरिकेत धोक्यात असल्याने त्या खाणींची तोंडे माणसांसाठी बंद ठेवावी लागतात आणि वटवाघळांसाठी मोकळी.

पर्यावरणाच्या दृष्टीने जुने सिमेंट चांगले का?

सिमेंटच्या उत्पादनातून जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सुमारे ८ टक्के भाग येतो, म्हणून कमी आगीत होणाऱ्या सिमेंटकडे आशेने पाहिले जाते. जळण कमी लागते हे खरे. पण सुरुवातीचा हिशोब आठवा : १०० किलो चुनखडीतून ४४ किलो वायू दगडातूनच निघतो, मग आग मंद असो की प्रखर. डोलोमाइटही आपल्यातला वायू सोडतोच. म्हणून रोझेंडेलकडे परत जाणे हा उपाय आहे असे मी म्हणणार नाही.

त्यातली कल्पना मात्र कामाची आहे, आणि ती आपल्या घरातच आलेली आहे. दुकानातील सिमेंटच्या पोत्यावर ‘पीपीसी’ (पोर्टलंड पोझोलाना सिमेंट) लिहिलेले असते, त्यात क्लिंकरबरोबर साधारणतः औष्णिक वीज केंद्राची राख दळलेली असते. ती राख सुर्खीचेच काम करते. भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी क्लिंकरमध्ये मिसळण्याच्या नव्या प्रकारालाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले. क्लिंकर जितका कमी, तितका वायू कमी. या मिश्र सिमेंटांत सुरुवातीचे बळ सावकाश येते, म्हणून त्यांच्यावर पाणी मारण्याचे काम चार दिवसांत आटोपता येत नाही.

गडावरच्या घाण्यापाशी

आता पुन्हा बुरुजाकडे येऊ. आपल्या अनेक गडांवर चुन्याचा घाणा दिसतो : गोल दगडी चर आणि त्यात बैलांनी ओढले जाणारे जड चाक. गड बहुतेक काळ्या बेसाल्टचे आहेत आणि बेसाल्ट इतका कठीण असतो की सिमेंटने भरलेल्या सांध्यामुळे तो लगेच फुटणार नाही. नुकसान आत होते. तटाच्या दोन दर्शनी थरांच्या मध्ये दगडगोटे आणि चुना यांची भर असते. पावसाचे पाणी वरून त्या भरीत उतरते आणि एरवी सांध्यांतून झिरपून बाहेर येते. दर्शनी सांधे सिमेंटने लिंपले की पाणी भरीतच कोंडते, चुना धुऊन नेते आणि भिंतीला पोट सुटते. बाहेरून सांधे नवेकोरे दिसत असताना तट फुगू लागतो तो यामुळे.

म्हणून दुरुस्तीपूर्वी जुन्या मालाचा नमुना घेऊन तो तपासतात. सौम्य आम्लात चुना विरघळतो आणि वाळू, सुर्खी, न भाजलेले तुकडे मागे राहतात. त्यांच्या प्रमाणावरून माल कसा होता ते कळते. पण चुना कोणत्या दगडाचा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दख्खनच्या पठारावर बेसाल्टच जास्त, तेव्हा चुनखडीचे डोंगर बहुतेक ठिकाणी नाहीत. मिळतो तो काळ्या मातीत आणि नद्यांच्या काठी सापडणारा कंकर, म्हणजे मातीचा अंश असलेले चुन्याचे खडे. मातीचा अंश असल्यामुळे कंकराचा चुना थोडाफार पाण्यातही घट्ट होतो. रोझेंडेलच्या दगडाचा तो दूरचा भाऊबंद म्हणता येईल.

घाण्याशेजारी माहितीफलक मी पाहिले आहेत. त्या घाण्यात पडलेला चुना कोणत्या भट्टीत भाजला आणि त्याचा खडा कोणत्या ओढ्याकाठून आला, हे सांगणारा फलक मला अजून दिसलेला नाही. भट्टीच्या जागी जळकी माती, राख आणि जास्त भाजलेले काळपट तुकडे सापडतात. गडाच्या पायथ्याच्या गावांत चुन्याच्या भट्टीवरून पडलेली शेताची किंवा वाडीची नावे विचारावीत आणि ते तुकडे दिसले तर उचलून न नेता जागेची नोंद करून ठेवावी. पुढे त्या तटाचा चुना ज्याला करायचा आहे, त्याचे काम तिथून सुरू होईल.